ताईला आधीच येणारी चाल

बागेतल्या बँडचे मास्तर दुपारी जेवून आडवे व्हायचे ते चारला उठायचे, आणि या दोन्हींच्या मधे जगात काय चाललंय याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नसायचं. मात्र उठता उठता, म्हणजे डोळे अजून मिटलेले, चादर अर्धी जमिनीवर गेलेली, खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर हळूहळू सरकतंय, अशा त्या अर्धवट वेळात कधीकधी एखादी चाल त्यांच्या हाती लागायची. कुठून आली, कोणी आणून ठेवली, पत्ता नाही. उशीखाली हात घालावा आणि विसरलेला रुमाल सापडावा, तशी. मग मास्तर तसेच, विस्कटल्या केसांनी, चष्मासुद्धा न लावता कोपऱ्यातल्या पियानोपाशी जाऊन बसायचे.

घरात माणसं दोनच. मास्तर, वय अठ्ठावन्न, आणि त्यांची थोरली बहीण. ताई पुस्तकं बांधायची. शहरातल्या दोन वाचनालयांची फाटकी पुस्तकं तिच्याकडे गठ्ठ्यांनी यायची. ताई ती उसवायची, पानं जुळवायची, पुन्हा शिवायची, खळ लावायची, नवा पुठ्ठा चढवून वजनाखाली दाबून ठेवायची. तिचं टेबल मधल्या खोलीत होतं आणि मास्तरांची खोली तिला लागूनच. मधे दार नव्हतं, नुसता जाड पडदा. पडद्याच्या एका बाजूला खळीचा वास, दुसऱ्या बाजूला पियानो. सव्वीस वर्षं असंच चाललं होतं आणि दोघांचं बरं चाललं होतं, म्हणजे दिवसाला एक भांडण, फार तर दीड.

आता मास्तरांचं एक गुपित सांगून टाकायला हरकत नाही. नवी चाल झाली की ते पडदा थोडा बाजूला सारायचे आणि ती तीनदा वाजवायचे. ताईला काही विचारायचे नाहीत, तिच्याकडे बघायचेही नाहीत, फक्त कान तिच्याकडे. पहिल्याच खेपेला ताई काम करता करता गुणगुणायला लागली, तर मास्तर समजायचे की ही चाल आपली नाही. कुठेतरी ऐकलेली, नकळत उचललेली. लगेच कागद टराटरा फाडायचे. तीनदा वाजवूनही ताईच्या तोंडातून हूं की चूं नाही, तर ती लोकांच्या डोक्यावरून जाणार, तीही गेली. पण पहिल्यांदा गप्प, दुसऱ्यांदा पायाचा ठेका आणि तिसऱ्यांदा गुणगुण, असं झालं की मास्तरांच्या जिवात जीव यायचा. नवी आहे, पण परकी नाही. अशीच चाल बागेत चालते. माणसाला दारात उभा असलेला पाहुणा अनोळखी हवा असतो, पण अगदीच अनोळखी नको असतो.

ताईला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर ती मुद्दाम गुणगुणली असती नाहीतर मुद्दाम गप्प बसली असती. थर्मामीटरला कधी कोणी विचारतं का, की बाबा रे, तुला काय वाटतं?

तर असं सगळं छान चाललेलं असताना दोन वर्षांपूर्वी मास्तरांचं डोकं फिरलं. दरवर्षी हंगामाच्या पहिल्या रविवारी बागेत बँडची नवी चाल वाजायची, हा नेम. त्या वर्षी मास्तर मनाशी म्हणाले, बस झालं ताईच्या कानाने चालणं, यंदा मी माझ्या मनाने करणार. आणि केलं. असं काही नवं केलं की वाजवणारे अकराजण एकमेकांची तोंडं बघत वाजवत होते. दोन मिनिटं झाली असतील, पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मोठ्याने विचारलं, “अहो, वाद्यं जुळवून झाली का? सुरू कधी करताय?” चार मिनिटांनी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. शेवटी ऐकायला उरले दोघं, आणि त्यातला एक झोपलेला होता.

मास्तरांनी कानाला खडा लावला. गेल्या वर्षी मुकाट ताईच्या कानावर घालून, तिसऱ्या खेपेला तिने गुणगुणलेली चाल घेतली. आणि काय झालं? लोक उठले नाहीत, बसले. बसून गप्पा मारल्या. पोरांना सावली कुठे मिळेल ते बघितलं, भाजी काय करायची ते ठरवलं. चाल संपली तेव्हा टाळ्याही आल्या, पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणावं तितक्याच. जाताना एक बाई म्हणाली, “छान होतं. नेहमीसारखंच.” मास्तरांना त्यापेक्षा शिवी परवडली असती. पुढच्या रविवारी खुर्च्या निम्म्या रिकाम्या, त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून जास्त.

यंदा बागेच्या समितीचे चिटणीस स्वतः घरी आले. बारीक, नीटनेटका माणूस. बोलतानाही बाह्यांची बटणं तपासायचा. म्हणाले, “मास्तर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लोक येत नाहीत. पहिल्या रविवारी तुमची नवी चाल आहे. लोक बसले, मन लावून ऐकलं, तर उत्तम. पुन्हा उठले किंवा गप्पाच मारत राहिले, तर बँड बंद. त्या चबुतऱ्यावर फुलझाडं लावायचं चाललंय.”

“फुलझाडं वाजतात का?” ताई टेबलावरून म्हणाली.

“लोक त्यांच्याकडे बघत तरी बसतात,” चिटणीस म्हणाले, आणि बाही नीट करून गेले.

पहिल्या रविवारला तीन आठवडे होते. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा माणसं, कोणी दिवसभर टपाल वाटून येणारं, कोणी लोकांचे दात काढून येणारं, आठवडाभर त्या एका संध्याकाळच्या भरवशावर जगणारी. आणि खुद्द मास्तर? त्यांच्यातून बँड वजा केला तर उरतं काय, हे त्यांनी एकदा मनातल्या मनात मोजायला घेतलं आणि घाबरून सोडून दिलं.

बारा दिवस काही सुचलं नाही. तेराव्या दिवशी दुपारी मात्र आली. मास्तर जागे होत होते आणि ती आधीच तिथे होती, पायथ्याशी शांत बसल्यासारखी. चार सूर वर जाणारे, मग जरा थबकणं, मग एक लांबलचक उतार, उतारावर मधेच एक असं वळण की छातीत काहीतरी हलकंच सुटून जावं. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तर जाईल असं वाटलं. तसेच चाचपडत पियानोकडे गेले, वाजवून बघितली, कागदावर उतरवली, आणि ताई चहा आटपून पुन्हा शिवायला बसल्याबरोबर पडदा बाजूला सारला.

पहिली ओळ वाजवली. ताई सुईत दोरा ओवत होती.

दुसरी ओळ सुरू झाली आणि ताई गुणगुणू लागली.

मास्तर समजायचं ते समजले. तरी हात थांबेनात. दुसरी ओळ संपली, तिसरीच्या आधी त्यांनी श्वास घ्यायला थांबा घेतला, आणि त्या थांब्यात ताईने तिसरी ओळ म्हटली. सगळी. वळणासकट. अजून वाजलेलीच नव्हती ती!

मास्तर ताडकन उठले. “ताई! ही कुठे ऐकलीस तू?”

“कुठली?”

“आत्ता म्हणालीस ती!”

ताई सुई हवेत धरून विचारात पडली. “ऐकलीये खरी. कुठे बरं... लहानपणी असेल. का कुठल्या लग्नात? जुनी आहे ना रे ही? मला तर सगळी येते.”

“सगळी येते!” मास्तर म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

कागद फाडायला हात गेला होता, पण फाडवेना. असली चाल त्यांना आयुष्यात सुचली नव्हती, आणि आता कळत होतं की सुचलेलीच नव्हती. पण मग होती कुणाची? मूळ सापडलं तर निदान समाधानाने फाडता येईल. दुसऱ्या दिवसापासून मास्तर शोधाला लागले. ते दिवस पुढे त्यांना आठवले ते पाण्याखालून बघितल्यासारखे. ते जुन्या तबकड्यांच्या दुकानात गेले, दुकानदाराने डोळे मिटून पूर्ण ऐकली, मान डोलावली आणि म्हणाला, “नाही. पण आणखी एकदा म्हणा.” संगीतशाळेच्या ग्रंथालयात गेले, तिथली बाई शिडीवर चढून वरच्या कपाटातल्या वह्या काढत राहिली आणि धूळ उन्हात तरंगत राहिली. चार वह्यांत नव्हती, चाळीस वह्यांत नव्हती. रस्त्याने जाताना मास्तरांना सगळीकडे तीच ऐकू यायची. जिना झाडणाऱ्या बाईच्या झाडूत, सायकलच्या साखळीत, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून येणाऱ्या भांड्यांच्या आवाजात. प्रत्येक वेळी ते थांबायचे आणि कान द्यायचे आणि ती तिथे नसायची.

बँडमधली क्लॅरिनेटवाली, जी दिवसा दातांचा दवाखाना चालवायची आणि कुणाची भीड ठेवायची नाही, तिने सरळ सांगितलं. “मास्तर, सहा दिवस उरलेत. मला ही चाल माहीत नाही, दुकानदाराला माहीत नाही, ग्रंथालयाला माहीत नाही. एकट्या तुमच्या ताईला माहीत आहे. मग ती ताईचीच असेल, वाजवून टाका.”

“चोरीची चाल वाजवू?”

“मग काय वाजवणार?”

मास्तर घरी आले, जेवले, चाल लिहिलेला कागद पियानोवर उपडा घालून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. उठल्यावर फाडायचा, असं ठरवून निजले.

झोप लागली ती खोल लागली. स्वप्नात बाग होती आणि चबुतऱ्यावर खरंच फुलझाडं होती, आणि प्रत्येक झाडाखाली एकेक वाजवणारा मांडी घालून बसला होता. वाजवत कोणीच नव्हतं. तरी चाल चालू होती. तीच. चार सूर वर, थबकणं, उतार. मास्तर झाडांमधून फिरत होते, कोण म्हणतंय ते शोधत होते. आवाज जवळचा होता. अगदी जवळचा. आणि त्या आवाजाच्या मागून, जरा लांबून, दुसरा एक आवाज त्याला साथ देत होता, बाईचा. मग झाडं विरळ झाली, ऊन भिंतीवर आलं, पांघरूण पायाला लागलं, मास्तर जागे झाले, आणि तरी चाल चालूच होती. दोन्ही आवाज चालू होते. पडद्यापलीकडचा ताईचा होता.

अलीकडचा त्यांच्याच गळ्यातून येत होता.

ते दचकले आणि गप्प झाले. पडद्यापलीकडे ताई आणखी तीन सूर पुढे गेली आणि तीही थांबली.

“ताई,” मास्तरांनी पडून राहूनच हाक मारली. “मी झोपेत गुणगुणतो?”

“म्हणजे?” पलीकडून आवाज. “आजच कळलं का तुला? माणसं घोरतात, तू गुणगुणतोस. लहानपणापासून. आई म्हणायची, नशीब समजा, बापावर नाही गेला.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“अरे, तुझं तोंड, तुझा गळा! मी कशाला सांगायला जाऊ? मला वाटलं तुला ठाऊक असेल.”

मास्तर उठून पडदा सारून बाहेर आले. ताईच्या हातात अर्धं शिवलेलं पुस्तक होतं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आता तिच्याही डोक्यात उजेड पडत होता.

“छोट्या,” ती म्हणाली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला ती अजून छोट्याच म्हणायची. “तू हे महिनाभर म्हणतोयस. तुकड्यातुकड्याने. आज एक ओळ, परवा दीड. मी आपली शिवतेय, कानावर पडतंय, पंख्याच्या आवाजासारखं. मला कळतसुद्धा नाही मी ऐकतेय ते. म्हणजे लहानपणी-बिलहानपणी काही नाही. मी हे तुझ्याकडूनच—”

“माझ्याकडूनच,” मास्तर म्हणाले. मग त्यांना एकदम सगळं दिसलं, सव्वीस वर्षं मागेपर्यंत दिसलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “ताई, मी किती चाली फाडल्या गं!”

आणि मग त्यांनी ते गुपित सांगून टाकलं. तीनदा वाजवणं, पहिल्या खेपेची गुणगुण, तिसऱ्या खेपेची गुणगुण, सगळं. सांगताना त्यांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं. एकोणीस चाली होत्या तशा, पहिल्याच खेपेला तिने ओळखलेल्या. सगळ्यात चांगल्या एकोणीस. झोपेतून आलेल्या. प्रत्येक फाडताना आपण प्रामाणिक आहोत म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती.

ताई हसली नाही. तिने पुस्तक खाली ठेवलं.

“म्हणजे ते त्यासाठी होतं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मला आवडली म्हणून तू फाडतोस.”

“काय?”

“मी नुसतं तोंड उघडायचा अवकाश, की तुझा कागद टराटरा. एकदा झालं, दोनदा झालं. मग मीच समजून घेतलं. म्हटलं, आपण पुस्तकं शिवणारं माणूस, आपल्याला कुठलं गाण्यातलं कळायला. आपल्याला आवडतं म्हणजे ते सुमारच असणार. मास्तरांना ते लगेच कळतं.” तिने खळीचं भांडं उगाच बाजूला सरकवलं. “गेल्या चार-पाच वर्षांत तर मी जपायचे. पहिल्यांदा येत असली तरी दोरा दातात धरून गप्प बसायचे, तू फाडू नयेस म्हणून. गेल्या वर्षीची, ती सगळ्यांना नेहमीची वाटलेली, ती मला पहिल्याच ओळीला येत होती. ती बहुतेक खरंच कुणाची तरी असणार. मी तिसऱ्यांदापर्यंत दम धरला. या खेपेला दोरा ओवत होते, भान राहिलं नाही.”

सव्वीस वर्षं एका पडद्याच्या आडून दोघांनी एकमेकांची काळजी घेतली होती, आणि अशी घेतली होती की दोघांचंही वाटोळं झालं होतं. मास्तरांना तिच्यापुढे भयंकर लाज वाटली. “मी गाढव आहे,” ते म्हणाले.

“आहेसच,” ताई नाक पुसत म्हणाली. मग तिने काहीतरी म्हणायला सुरुवात केली, अगदी हळू. गोल गोल फिरणारी, मधेच पायरी चुकल्यासारखी दचकणारी एक चाल.

“ही कुणाची?” मास्तरांनी विचारलं. “सुरेख आहे.”

“तुझी. समोरच्या घराला रंग लागला त्या वर्षी फाडलेली.”

त्या दिवशी पुस्तक शिवून झालं नाही. ताई एकामागून एक म्हणत राहिली आणि मास्तर खुर्चीत बसून स्वतःलाच पहिल्यांदा भेटत राहिले. काही चालींची शेपटं हरवली होती, काहींच्या मधल्या ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या, पण सात-आठ चांगल्या धडधाकट होत्या. ऊन भिंतीवरून जमिनीवर आलं, जमिनीवरून निघून गेलं, कोणी दिवाही लावला नाही.

पण घोडं अडलं होतं ते अडलेलंच. रविवारच्या चालीचं काय? मास्तर म्हणाले, “ती तुला ओळखीची का वाटली ते कळलं. तू महिनाभर ऐकलीस. लोकांनी कुठे ऐकलीये? त्यांना ती परकीच. उठून जातील.”

“मग त्यांनाही ऐकव,” ताई म्हणाली.

“सहा दिवसांत घरोघर जाऊन झोपू का मी?”

“अरे, मी तरी कुठे सगळी एकदम ऐकली? तुकड्यातुकड्याने ऐकली, दुसरंच काहीतरी करताना. तसंच दे त्यांना. आधी नेहमीच्या चार रचना वाजवता ना तुम्ही? त्यात घाल.”

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. पुस्तकं शिवणारं माणूस म्हणे!

पुढचे पाच दिवस त्यांनी वेड्यासारखं काम केलं. कार्यक्रमात आधी चार जुन्या रचना असायच्या, लोकांना झोपेतही येतील अशा. त्यातल्या पहिल्या कवायतीच्या रचनेच्या शेवटी, ढोल थांबल्यावर, बासरीला एकटीला ते चढे चार सूर दिले. दुसऱ्या संथ रचनेत क्लॅरिनेटच्या मोकळ्या जागेत तो उतार अर्धाच ठेवला. तिसरीत उरलेला अर्धा, मोठ्या तुतारीच्या पोटात, सगळ्यांच्या खाली, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. चौथीत ते वळण, एकदाच, ओझरतं. तालमीला क्लॅरिनेटवालीने कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला. “मास्तर, हे इथे चुकून आलंय का?”

“चुकून आलंय असंच वाजवा,” मास्तर म्हणाले.

मोठी तुतारी वाजवणारा टपालवाला मात्र खूश होता. तो म्हणाला, एवढी वर्षं मी नुसता पूं-पूं करतोय, माझ्या वाट्याला गोड असं पहिल्यांदाच आलं.

रविवारी पाच वाजता ऊन मऊ झालं होतं. खुर्च्या निम्म्याहून थोड्या जास्त भरल्या. ताई तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. ती कित्येक वर्षांत बागेत आली नव्हती, आणि का आली नव्हती ते मास्तरांना आता कळलं होतं. चिटणीस झाडाला टेकून उभे होते. पहिल्या चार रचना वाजल्या. लोकांनी त्या नेहमीसारख्याच ऐकल्या, म्हणजे फारशा ऐकल्या नाहीत. गप्पा चालू होत्या, एक बाळ रडत होतं, कुणीतरी वारा घेत होतं. मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला. लोकांकडे पाठ करून उभं राहायचं हे काम किती वाईट आहे, हे त्यांना त्या दिवशी जाणवलं.

मग त्यांनी हात उचलला.

बासरीने चार सूर घेतले आणि थबकली. मागचा गप्पांचा आवाज एकदम खाली गेला, कुणीतरी ओळखीचं माणूस दारातून आत आल्यासारखा. उतार सुरू झाला. मागे एक खुर्ची करकरली. कोणीतरी उठलं होतं. पावलं खडीवरून वाजत आली, जवळ आली, आणि पुढच्या रांगेत दुसरी खुर्ची करकरली. उठलेला माणूस पुढे येऊन बसला होता. दुसऱ्या आवर्तनाला मास्तरांना वाटलं क्लॅरिनेट जरा जास्तच जाड वाजतेय. तिच्याकडे बघितलं, तर ती भुवया उंचावून त्यांच्या मागे खुणावत होती. बँडचा तो आवाजच नव्हता. मागे लोक म्हणत होते. तोंडं मिटून, कुठेतरी बघत, आपण म्हणतोय हे ठाऊकच नसल्यासारखे म्हणत होते. ते वळण यायच्या आधीच त्यांच्यातले काही वळले होते. मास्तरांचे डोळे भरून आले आणि समोरचे अकराही जण धूसर झाले, पण हात बरोबर चालू राहिला.

संपल्यावर टाळ्या झाल्या, आणि त्या ‘या, बसा’च्या नव्हत्या.

चिटणीस चबुतऱ्याशी आले. “लोक बसले, हे खरं,” ते म्हणाले. “बँड राहू द्या. पण मास्तर, हे काही बरं नाही. जाहीर केलंत नवी चाल म्हणून, आणि वाजवलीत जुनी. मला पहिल्यापासून येत होती.”

“जुनी?” ताई खुर्च्या ओलांडत आली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. “अहो, ही याची आहे! याच्या एकट्याची! मी साक्षीला आहे, महिनाभर माझ्या डोळ्यांदेखत, कानांदेखत—”

“ताई,” मास्तर म्हणाले.

“तू गप्प बस! सव्वीस वर्षं दोघं गप्प बसलो तेवढं पुरे झालं. मला ही पहिल्यांदा ऐकली तेव्हापासून आवडली होती, आणि मी हे आज सगळ्यांसमोर सांगतेय!”

तेवढ्यात एक आजी काठी टेकत गर्दीतून पुढे आल्या. चांगल्या ऐंशीच्या पुढच्या असतील. त्यांनी चिटणिसांना काठीनेच बाजूला केलं आणि मास्तरांचा हात धरला.

“माझी आई म्हणायची ही,” त्या म्हणाल्या. “ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सुरुवात आठवायची मला, ते चार सूर. पुढचं काही केल्या आठवायचं नाही. कुणाला विचारणार? आता कोणी उरलंच नाही विचारायला. आज तुम्ही पुढचं वाजवलंत आणि मला ती दिसली हो. पाठमोरी, कपडे वाळत घालताना.” त्यांनी मास्तरांचा हात अजून सोडला नव्हता. “तुम्हाला कुठे मिळाली ही?”

चिटणीस ‘बघा, मी म्हणत नव्हतो!’ अशा नजरेने बघत होते. ताईने बोलायला तोंड उघडलं. मास्तरांनी एकदा ताईकडे बघितलं, आणि ताईने आजींकडे बघितलं, त्या ओल्या, उजळलेल्या डोळ्यांकडे. तिने तोंड मिटलं. एक खुर्ची ओढून आजींच्या मागे ठेवली आणि म्हणाली, “बसा आजी. ते पुन्हा वाजवतील.”

अकराजणांनी पुन्हा वाद्यं उचलली. मास्तर वळले, आणि हात वर नेता नेता थांबले. खाली वाकून आजींना त्यांनी अगदी हळू विचारलं, “तुमची आई कशी म्हणायची? आम्ही घेतली एवढीच जलद?”

आजींनी डोळे मिटून आठवून बघितलं. “नाही रे बाळा,” त्या म्हणाल्या. “सावकाश म्हणायची. हातात काम असायचं ना.”

“मग सावकाश घेऊ,” मास्तर बँडला म्हणाले, आणि अकराजणांनी आपापल्या कागदावर तसं लिहून घेतलं.